भित्र्या हातातला वस्तरा

नांदुऱ्यात रेल्वेफाटकाजवळ सलून चालवणाऱ्या माझ्या वर्गमित्राइतका भित्रा माणूस सबंध बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. वस्तरा हाती धरणाऱ्यानं भित्रं असावं हे गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं तसं बरंच. पण याच्या भिण्याला काही ताळतंत्रच नव्हतं. खुर्चीतल्या माणसाला शिंक येणार अशी नुसती शंका आली तरी तो दोन पावलं मागं सरायचा. मालगाडी आली की दुकान थरथरतं, म्हणून वस्तरा उंच धरून शेवटचा डबा जाईपर्यंत जागचा हलायचा नाही. एकदा लागोपाठ दोन मालगाड्या आल्या आणि माझ्या अर्ध्या गालावरचा साबण वाळून पापड झाला. "दाढी करतोस का मुहूर्त पाहतोस?" मी विचारलं. "थांब बे," तो म्हणाला, "गळा तुया हाय, पण जेल तं मलेच होईन ना!"

अशा माणसाच्या हनुवटीवर चाळिसाव्या वर्षी पुटकुळ्या उठल्या. शाळेत असताना आम्हां दोघांनाही आल्या होत्या आणि आपोआप गेल्याही होत्या. या मात्र जायला तयार नव्हत्या. आधी दोन-चार, मग जबड्याच्या कडेनं रांगच, लाल आणि दुखऱ्या. दुसरा एखादा हसून सोडून देता. हा हादरला. लोकांचे चेहरे चकचकीत करणाऱ्याच्याच तोंडाकडे पाहून गिऱ्हाईक काय म्हणेल? त्यानं आपल्यासमोरच्या आरशावर कॅलेंडर टांगलं. सलूनवाल्याचं घरचं औषध म्हणजे तुरटी. ती तो दिवसातून दहादा, कातडी सोलून निघेस्तोवर घासू लागला. शेवटी कुणीतरी सांगितलेली एक ट्यूब मेडिकलमधून आणली. चेहरा असा गुळगुळीत झाला की कॅलेंडर खाली उतरलं. दोन-अडीच महिन्यांनी ट्यूब संपली, नवी आणायला चार दिवस उशीर झाला आणि सगळा चेहरा पेटल्यासारखा लालबुंद झाला. कॅलेंडर पुन्हा वर चढलं.

आमच्याकडच्या सलूनवाल्यांची एक रीत आहे, सुटीच्या दिवशी ते एकमेकांची दाढी करतात. याची दाढी समोरचा सलूनवाला करायचा. त्याची आता नेमकी सुटीच्या दिवशी कंबर दुखू लागली. गिऱ्हाइकं दारातून डोकावून "येतो दहा मिनिटांत" म्हणत समोरच्या दुकानात शिरू लागली. "हे लागन का बे कोणाले?" तो मला विचारायचा. "मी माया टावेल वेगळाच ठेवतो, तरी भेव लागते." मी "छट्" म्हणायचो. आणि पुढच्या खेपेला घरून स्वतःचा निळा टॉवेल घेऊन गेलो. बायकोनं दिला, धूळ फार आहे, असं काहीबाही बोललो. त्यानं तो मुकाट्यानं माझ्या गळ्याभोवती गुंडाळला. दाढी होताच मी असा निघालो की टॉवेल तिथंच राहिला. त्यानंतर तिकडे फिरकलो नाही. घरीच दाढी करायचो आणि करताना गाल चाचपून बघायचो. मला सरळ सरळ भीती वाटत होती.

दीड महिन्यानं तोच तोंडाला रुमाल बांधून माझ्या दारात आला. कितीही म्हटलं तरी आत येईना. "खामगावले जाऊन राह्यलो, चमडीच्या डॉक्टरकडे. एकट्याले भेव लागते. चाल ना संग." बसमध्ये तो एकदाच बोलला, "दुकान बंद कर म्हणलं तं काय करू बे?" दुसरं काम त्याला येत नव्हतं आणि घरी दोन पोरी शिकत होत्या.

डॉक्टरबाईंनी ट्यूब पाहिली मात्र, कपाळाला हात लावला. तिच्यात स्टेरॉइड होतं, लावलं की दाबणारं आणि सोडलं की दुपटीनं उसळवणारं. "पुटकुळ्या मोठेपणीही पुष्कळांना येतात," त्या म्हणाल्या. "त्या घाणीनं होत नाहीत आणि दुसऱ्याला लागतही नाहीत. तुरटी बंद, घासणं बंद, ही ट्यूब बंद. सुरुवातीला चेहरा आणखी चिडेल, तेव्हा घाबरून परत लावायची नाही. रात्री हे मलम पातळसं लावा आणि निदान तीन महिने धीर धरा." 'धीर' म्हटल्यावर तो माझ्याकडे बघू लागला, जणू ती वस्तू माझ्याकडे शिल्लक असेल. मग हळूच म्हणाला, "लागत नाही, हे चिठ्ठीवर लिहून द्या ना जी." बाईंनी हसत लिहून दिलं. ती चिठ्ठी त्यानं लॅमिनेट करून दरपत्रकाशेजारी लावली. त्यामुळे ज्यांचं लक्ष गेलं नव्हतं त्यांचंही गेलं.

पहिला महिना भयंकर गेला. रोज सकाळी त्याचा फोन यायचा, "आज अजून दोन निंघाल्या." रडकुंडीला यायचा, पण त्या ट्यूबला त्यानं पुन्हा हात लावला नाही. चौथ्या महिन्यात चेहरा निवळला, डाग तेवढे राहिले. समोरच्याची कंबरही बरी झाली.

मग मीही गेलो. त्यानं ड्रॉवर उघडून माझा निळा टॉवेल काढला. धुतलेला, घडी घातलेला.

"अरे, दुकानातलाच घे," मी म्हणालो.

"असू दे बे. तुले भेव लागते."

त्यात टोमणा नव्हता. भीती काय असते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं टॉवेल नीट खोचला, साबण लावला, अर्धी दाढी केली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात मालगाडी आली. त्यानं वस्तरा उंच धरला. आरशावर आता कॅलेंडर नव्हतं. आम्ही दोघं आरशातून एकमेकांकडे बघत राहिलो. गाडी फार लांब होती. शेवटचा डबा गेल्यावर तो माझ्या गळ्याशी वाकला आणि म्हणाला, "आता बोलू नोको, लागन."

मी बोललो नाही. माफी मागायची राहिली ती राहिलीच, आणि दर खेपेला ड्रॉवरमधून तोच टॉवेल निघतो.