खीर खाल्ली मावशींनी

कोपरीत आमच्या समोरच्या खोलीत मासळी विकणाऱ्या मावशी राहतात. त्यांचा बाजारातला आवाज घरी आल्यावरही खाली उतरत नाही. माझ्या लेकीच्या मेंदूचा निरोप घशाला नीट पोचत नाही, तिला गिळता येत नाही. म्हणून ऑपरेशन करून तिच्या पोटात दुधाची नळी बसवली, तेव्हा मावशी तीन दिवस डॉक्टरांवर चिडलेल्या. "पोरीच्या पोटाला भोक? मग देवानं तोंड कशाला दिलंय गो?"

चौथ्या दिवसापासून मात्र दुधाच्या वेळी हजर. मी सिरिंज उंच धरायची, दूध सावकाश नळीतून उतरायचं, आणि मावशी समोर बसून स्वतःच आ करायच्या, मग गिळायच्या. टोपलीत जे उरलं असेल त्याचं नाव दुधाला. "घे बाय, आज बोंबील हाय."

उष्टावण आम्ही करणारच नव्हतो. पण ती सहा महिन्यांची झाली त्या दिवशी, दुधाच्या वेळी, मावशी खिरीची वाटी घेऊनच आल्या. मी एका हातात सिरिंज धरून दुसरा हात वाटीवर ठेवला.

"मावशी, तोंडाने थेंबही नको हं! फुफ्फुसात जाईल."

"म्हाईत हाय मना. मी काय येडी हाय?"

त्यांनी लेकीला खिरीचा नुसता वास दिला आणि अख्खी वाटी स्वतः संपवली. "साखर कमी परली," म्हणाल्या.

तोवर दूध संपलं होतं. मी नळीला टोपण लावलं आणि उठले.

"आनि तोंड कोन पुसनार?"

लेकीच्या तोंडाला काहीच लागलं नव्हतं. मावशींनी पदर ओला करून ते हनुवटीपर्यंत नीट पुसलं.

"जेवली ना ती? मग?"