स्टिअरिंगमधलं परकं तेल

नोकरीतले कितीतरी गुन्हे विसरलो, पण जबलपूरचं ते प्रकरण अजून मनातून जात नाही.

नेपियर टाउनमधला एक मराठी कारकून आमच्या पोलीस ठाण्यात आला. त्याची बायको शाळेत शिक्षिका. ती गाडी चालवत असताना स्टिअरिंग एकाएकी जड झालं, गाडी दुभाजकावर आदळली आणि तिचं मनगट मोडलं. शेजाऱ्याने घरच्या घरी पॉवर स्टिअरिंगचं तेल बदलून गाडी बिघडवली, अशी त्याची तक्रार होती.

"दर रविवारी तो आणि माझी बायको बॉनेट उघडून उभे राहतात, साहेब. त्याला आत टाका."

शेजारी बँकेत नोकरीला होता. चौकशीत तो घाबरला, पण अडखळला नाही. "पुराना तेल मैंने सिरिंज से निकाला, नया दीदी ने डाला. लाल वाला, जो गाड़ी की किताब में लिखा है."

गाडीचा पंचनामा केला. मेकॅनिकने टाकीतलं तेल हुंगून सांगितलं, यात ब्रेक ऑइल मिसळलंय, त्याने रबरी सील फुगून फाटली आहेत.

मी इस्पितळात गेलो. बाई म्हणाल्या, "उरलेलं तेल घरी बाटलीत आहे, पाहून घ्या. भैयांचं काही चुकलं नाही."

बाटली जप्त केली. तेल स्वच्छ, लाल होतं. म्हणजे भेसळ नंतर झाली. बॉनेटचा खटका गाडीच्या आत असतो, दाराचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ल्या फक्त नवराबायकोकडे होत्या.

नवऱ्याला पुन्हा बोलावलं. समोर बसवून सांगितलं, "शेजाऱ्याला सोडून राहिलो. त्याचा दोष नाही."

तो उठून उभा राहिला. "काहून? ती माझ्याशी हसत नाही, त्याच्याशी हसते."

मी जप्त केलेली लाल तेलाची बाटली टेबलावर ठेवली. तो खाली बसला. "ब्रेक ऑइल मीच टाकलं. वाटलं, तेल गळेल, गाडी दारातच बंद पडेल. त्याला काही येत नाही, हे तिला दिसेल."

"ती दोघं काय बोलत असतात, कधी विचारलंत?"

"नाही. खिडकीतून पाहत होतो."

त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. बाईंना ते सांगायला मीच गेलो. त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं. "तेल बदलायला मी पहिल्यांदा ह्यांनाच बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "हात खराब होतात म्हणाले."

सुडाने पेटलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. सूड घेणाऱ्याला आपण कोणाला इजा करतोय हे ठाऊक असतं. मत्सराने जळणाऱ्याची नजर मात्र दुसऱ्या पुरुषावर इतकी खिळते की स्टिअरिंगवर आपलीच बायको बसणार आहे, हेही त्याच्या ध्यानात येत नाही.