वचनातली पावलं

दौंड स्टेशनजवळच्या छापखान्यात ती कॉम्प्युटरवर बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या घरभरणीच्या पत्रिकेतल्या चार गणपतींपैकी तीन तिने एक डोळा मिटून, न विचारता उडवले, तेव्हाच ती मला आवडली.

फ्लेक्स तेव्हा गावात नवा होता. मी पत्रिका न्यायला गेलो तेव्हा ती चर्चच्या नाताळासाठी एक बनवत होती. बायबलमधलं वचन होतं, देवाचा शब्द पावलांपुढचा दिवा असल्याचं. अशा वचनामागे परदेशी सूर्यास्त टाकायची रीत आहे. तिने पाटसच्या बाजूला रुळांवरून चाललेल्या गँगमनचा फोटो टाकला होता. हातात कंदील, आणि त्याच्या उजेडात तारेने सांधलेल्या चपलेतली भेगाळलेली पावलं.

तो बघायला आलेले चर्चचे सुटाबुटातले अध्यक्ष भडकले. “बाई, चर्च हाय, चपलांचं दुकान न्हाई!”

“साहेब, वचनात पावलं आहेत. नको असतील तर वचन बदलून आणा.”

“मंडळी हसली, तर जागेवर उतरवीन,” त्यांनी बजावलं.

नाताळला मी मुद्दाम गेलो. फ्लेक्स उलगडला आणि मधल्या बाकावरून एक बाई ओरडली, “अगं बया! ह्ये तर आमच्या मालकांचं पाय! ती तार मीच बांधलीया!”

सगळं चर्च हसलं. तिच्या शेजारी बसलेल्या गँगमनने पाय बाकाखाली ओढले. पण टाळ्या सुरू झाल्या तसा तो ताठ उभा राहिला, जणू फोटो चेहऱ्याचाच होता.

फ्लेक्स लावायला आलेली छापखान्यातली ती एक डोळा मिटून अध्यक्षांना म्हणाली, “साहेब, मंडळी हसली. उतरवू का?”

“हात लावून तर बघा,” अध्यक्ष म्हणाले आणि टाळ्या वाजवत राहिले.