यशयात नसलेलं वचन

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, पाळकसाहेबांना नाही. देवाला सांगितलं, पण तेही 'माझ्या सगळ्या चुका माफ कर' या एका वाक्यात गुंडाळून, घाईघाईत, आमेन. त्याला कळलं असणार म्हणा. पण नाव घेऊन सांगणं वेगळं — नाही का? बसा जरा. चहा ठेवलाय, उकळेपर्यंत सुरुवात तरी करते.

आमच्याकडं वचनांची डबी आहे. इथं छावणीत आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बऱ्याच घरांत असते. पवित्र शास्त्रातली एकेक ओळ छापलेल्या कागदाच्या बारक्या सुरळ्या, गोल डबीत ठासून भरलेल्या. सकाळी चहाआधी प्रत्येकानं डोळे मिटून एक काढायची, मोठ्यानं वाचायची, परत गुंडाळून ठेवायची. तेच त्या दिवसाचं वचन. आमची डबी मी लग्नानंतरच्या पहिल्याच कापणीच्या सणात महिला मंडळाच्या टेबलावरून घेतली. शेजारी केकही होता. केक घेऊ की डबी, असा बराच वेळ विचार केला होता, तेवढंही सांगून टाकते.

या डबीनं मला लई तारलंय. ह्यांची वाळूजची कंपनी बंद पडली, त्या सकाळी मला चिमण्यांचं वचन आलं — देव त्यांचीसुद्धा काळजी करतो, तर तुमची करणार नाही का, ते. दिवसभर ते खडीसाखरेसारखं तोंडात घोळवलं आणि संध्याकाळी हसत दार उघडलं. महिन्याभरात ह्यांना दुसरं काम लागलं. माझा विश्वास आहे हो. तेच तर अवघड आहे. विश्वास नसता तर मी केलं ते नुसता चिठ्ठ्यांचा खेळ म्हणून सोडून देता आलं असतं.

सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो. काचबिंदूनं त्यांची नजर गेली. माणूस दिसतं, अक्षर दिसत नाही. तेव्हापासून त्यांची चिठ्ठी मी वाचायला लागले. त्या सुरळी काढायच्या, माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "वाच गं शालू, देव काय म्हणतो ते."

आता तुम्हीच सांगा, एवढा विश्वास कुणी आपल्या हातात दिला, तर आपण काय करायचं? नीट वाचायचं. मीही नीट वाचायचे. एकदा त्या तापानं फणफणल्या होत्या आणि चिठ्ठी आली न्यायाच्या दिवसाची, आगीबिगीची. मी ती गुपचूप बाजूला ठेवली आणि मेंढपाळाचं स्तोत्र म्हणून दाखवलं. त्यांना बरं वाटलं. मलाही बरं वाटलं — आणि गोम तिथंच आहे, मला जरा जास्तच बरं वाटलं. पुढं त्यांची साखर वाढली. डॉक्टरांचं ऐकेनात, तेव्हा 'जो गोडापासून आपला हात आवरतो त्याचे दिवस वाढतील' असं एक वचन मी तयारच केलं. वर आवाजही पाळकसाहेबांसारखा लावला. आई गंभीरपणे हो म्हणाल्या आणि नानकटाई परत बरणीत टाकली. मी मोरीत जाऊन तोंडाला पदर लावून हसले.

हसता हसताच सवय लागली. मग ती सकाळ आली.

माझी नणंद मार्था लासूर स्टेशनला दिलेली. पहिलंच बाळंतपण, माहेरी यायचं ठरलेलं. पण सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला पलंगावरून हलायचंच नाही म्हणून सांगितलं. तिला सासू नाही. नवरा मोंढ्यात हमालांवर मुकादम, पहाटे जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. तिचा फोन आला — आई, तूच ये, बाळ होईस्तोवर राहा. आईंच्या मनानं तर फोन ठेवायच्या आतच गाडी पकडली होती. पण त्यांना माझीही काळजी. माझी दोन पोरं लहान, पुंडलिकनगरला दाताच्या दवाखान्यात मला नुकतंच काम लागलेलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी देवाला इचारते. तो म्हणल तसं."

मला अडचण होती का? खरं सांगू — फारशी नव्हती. पोरांना बघायला शेजारची मावशी तयार होती, तिनं स्वतःहून सांगितलं होतं. मला फक्त घरी आल्यावर तव्यावरची भाकरी आयती हवी होती. पोरांचे हातपाय धुतलेले हवे होते. तीन महिने ते सगळं एकटीनं करायचा कंटाळा आला होता, करायच्या आधीच. बस, एवढंच.

सकाळी आईंनी चिठ्ठी काढली. मी उलगडली. तिच्यात याकोबाला दिलेलं वचन होतं — तू जिथं जिथं जाशील तिथं मी तुझ्यासोबत असेन, तुला सांभाळीन. आता याहून स्पष्ट देवानं काय बोलायचं? गाडीची वेळ तेवढी सांगायची राहिली होती.

आणि मी वाचलं, "ज्या घरात मी तुला बसविले आहे तेथेच स्वस्थ राहा; दूरच्यांची काळजी मी वाहीन."

एका दमात. अडखळलेसुद्धा नाही. आईंनी विचारलं, कुठलं गं हे? मी म्हणाले, यशया. स्तोत्रं आणि शुभवर्तमानं त्यांना तोंडपाठ, पण संदेष्ट्यांची पुस्तकं नाहीत, हे मला माहीत होतं. यशया मोठंही आहे. म्हणजे बघा, खोटं बोलतानाही मी विचार केला होता. आईंनी हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं, पण जोडले. म्हणाल्या, "तो म्हणतो तर राहते." चिठ्ठी मी डबीत परत ठेवली नाही. ब्लाउजमध्ये खोचली. संध्याकाळी ब्लाउजसकट धुतली गेली, त्याचा पांढरा लगदा निघाला.

मार्था तीन महिने एकटी पडून राहिली. दार उघडं ठेवून, म्हणजे हाक मारली तर शेजारणीला ऐकू जावी. बाळ थोडं आधीच आलं, तेव्हा मार्थाचा हात त्याच शेजारणीच्या हातात होता. मायलेकी सुखरूप राहिल्या, देवाची दया. आई गेल्या त्या बारशाला. मार्था त्यांना एवढंच म्हणाली की देवाचंच वचन होतं तर मी काय बोलणार. पण त्या नाताळाला ती माहेरी आली नाही. आईंनी तिच्या वाटणीच्या करंज्या डब्यात भरून ठेवल्या होत्या. जानेवारीत त्या मीच खाल्ल्या.

हा झाला गुन्हा. पण गोष्ट अजून चालूच आहे, कारण ते बाळ आता आमच्याकडं राहतं. एस्तेर तिचं नाव. कॉलेजसाठी आलीय. बडबडी, हसरी, घरभर पायात पैंजण वाजवत फिरते. आल्या दिवसापासून आजीची चिठ्ठी तीच वाचते आणि जे लिहिलंय तेच वाचते. तिच्या पहिल्या आठवड्यात आई तिला म्हणाल्या, "तुझ्या जन्माच्या टायमाला मला एक वचन आलं होतं, तेच्यामुळं मी आले नाय. तेवढं हुडकून दे. यशयात हाय."

पोरीनं मोबाइलवर सगळा यशया पालथा घातला. दोन दिवसांनी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणते, "मामी, ते वचन तर कुठंच सापडंना."

माझ्या हातात लाटणं होतं. सांगायची वेळ हीच होती, एवढं मलाही कळत होतं. तर मी काय म्हणाले माहितीय? म्हणाले, जुन्या भाषांतरात असेल बघ.

एवढ्यावर पोरगी थांबेल असं वाटलं होतं. ती आजीच्या माहेरचं जुनं शास्त्र कपाटातून काढून घेऊन आली, पिवळ्या पानांचं, कापडात गुंडाळलेलं. आई म्हणाल्या, नाहीतरी मला आता वाचता येत नाही, पहिल्यापासूनच घे. तेव्हापासून रोज संध्याकाळी ओट्यावर दोघींचं वाचन चालतं. आईंची तब्येत सुधारलीय, खरंच सांगते. हव्वेला रागावतात, नोहाच्या तारवातल्या जनावरांचा दाणागोटा कोण बघत असेल याची चौकशी करतात, मध्येच एखादं गाणं धरतात. गल्लीतल्या बायकाही येऊन बसतात. हसणं चौकापर्यंत ऐकू जातं. माझ्या एका खोट्यापायी आईंना सबंध शास्त्र ऐकायला मिळतंय. यावर हसू येतं मला, आणि मग येत नाही.

परवा मी तिथंच बसून मेथी निवडत होते. याकोब घर सोडून निघाला, वाटेत उशाला धोंडा घेऊन झोपला, तिथवर पोरगी आली. आणि तिनं ते वाचलं — तू जिथं जिथं जाशील तिथं मी तुझ्यासोबत.

आईंनी तिचा हात धरून तिला थांबवलं. परत वाचायला लावलं. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या, "शालू, एवढ्या वर्षांत ही चिठ्ठी मला एकदाबी आली नाय बघ. त्या वक्ताला आली असती तर मी चालत गेले असते लासूरला."

एस्तेर हसली, म्हणाली, आजी, रेल्वे आहे की. बायका हसल्या. आईसुद्धा हसल्या. मी मेथीत मान घातली.

आली होती, आई. तुम्हीच काढली होती. मी वाचली नाही.