एका फोनवर सासू नि दोन सुना

माझ्या बहिणीच्या पोराशी माझं अजून धड बोलणं नाय. भांडण कशावरनं, तर भाषेवरनं! मराठी-हिंदी नव्हे हो, कॉम्प्युटरची भाषा.

शहापूरच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात मी केसपेपरच्या खिडकीवर बसायची. पेशंटच्या नोंदींचा प्रोग्राम मीच लिहिला, पीएचपी नावाच्या भाषेत. शिकवलं कोणी नाय. मुलीचं कॉलेजचं पुस्तक, चष्मा आणि तोंडात शिव्या, एवढ्यावर. एक दवाखाना होता तोवर झकास चाललं. मग मुरबाडला दुसरा निघाला, टोकावड्याला तिसरा, आणि तिन्हीकडनं एकदम सेव्ह दाबलं की प्रोग्राम जो बसायचा तो उठायचाच नाय. हे खरंच आहे, लपवायचं कशाला? म्हणून मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या इंजिनीयर भाच्याला बोलावलं.

तो आला, माझं काम वरखाली चाळलं आणि नाक मुरडलं.

"मावशी, ही बैलगाडी झाली. आता गो भाषा वापरतात."

"गो? गो तर आमी बायकांना म्हणतो रे!"

डॉक्टरीणबाई हसल्या, तो नाय हसला. तिथूनच बिनसलं.

"लाख पेशंट एकदम आले तरी हलणार नाय," म्हणाला. "उद्या अख्खा जिल्हा जोडा."

"लाख आणणार कुठनं? टोकावड्याची जत्रा हाय काय?"

"तुला नाय कळायचं. एक मोबाइल नंबर, एक पेशंट. साधं, फास्ट."

नंबराचं मी कानाआड केलं. त्याच्या भाषेला नावं ठेवण्यातच मी रंगले होते, आणि तो माझ्या.

जुन्या नोंदी त्याने नव्यात ओतल्या. फास्ट होतंच ते, मेलं! बोट उचलायच्या आत पान हजर. थोड्याच दिवसांत टोकावड्याच्या नर्सबाईचा फोन आला.

"ताई, डॉक्टरांनी पेनिसिलिनची सुई लिहिलीय. स्क्रीन म्हणते हिला आधी दिलेली, काय झालं नाय. बाई म्हणते, मागल्या वेळी अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. आणि इथं वय साठ दिसतंय. समोर तर पंचविशीची पोर बसलीय!"

"सुई खाली ठेवा आधी!" मी ओरडलेच.

घरात फोन एकच, सासऱ्याचा. त्या एका नंबरावर सासू नि दोन सुना, आणि नव्या प्रोग्रामाने तिघींची मिळून एक बाई केली. सगळ्यात शेवटी तपासून गेलेली सासू, म्हणून सासूचंच अंग खरं.

माझं जुनं मशीन टेबलाखाली होतं, ते लावलं. आमच्याकडे अर्ध्या पाड्याचं आडनाव एकच, लग्नात बाईचं नावही बदलतात. म्हणून मी प्रत्येकीला माहेर विचारून लिहायची. नर्सबाईसमोर बसलेल्या धाकट्या सुनेचं आटगाव. तिच्या नावापुढे लाल अक्षरात होतंच: पेनिसिलिन देऊ नये.

नर्सबाईने सुई परत ठेवली, डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. मग मी भाच्याला फोन लावला.

"ती गोची चूक नाय, मावशी."

"तुझ्या गोला कोण विचारतंय? जिला गो म्हणून हाक मारायची, तिची तू सासू करून ठेवलीस! मेली असती रे ती!"

"आणि तू आटगाव पाच तऱ्हांनी लिहिलंयस. आट गाव, अटगाव... मशीनने कुठलं धरायचं?"

झोंबलं मला. पण मी फोन आपटलाच.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना एका टेबलाशी बसवलं. "एकेका घरातल्या नोंदी सोडवा. तोवर स्क्रीन बघून कोणाला सुई द्यायची नाय." आम्ही बसलो, पण बोलणं त्यांच्यामार्फत. "बाई, मावशीला विचारा, ही थोरली सून का?" "बाई, त्याला सांगा, डोळे असतील तर बघ म्हणावं."

पहिलं घर तेच घेतलं. फोन सासऱ्याने उचलला.

"धाकट्या सूनबाईंना द्या."

"मलाच सांगा की. ती काय बोलणार?"

"सुई तुमाला टोचायची हाय काय? द्या तिला!"

बराच वेळ कुजबुज झाली. मग ती आली. कुठली सुई, किती वेळात घसा आवळला, कोणी उचलून दवाखान्यात आणलं, सगळं तिने स्वतः सांगितलं, न अडखळता. मी मोठ्याने म्हणत गेले आणि भाचा तिच्या एकटीच्या नावावर टाइप करत गेला, माझ्याकडे न बघता.