पूजेतला पाना

आमच्या कंपनीत खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजेला बसतात, एक पाना सोडून. तो माझ्यामुळं बसत नाही आणि याचा मला अभिमान आहे. उगाच नम्रपणा दाखवणाऱ्यातली मी नाही.

कंपनी म्हणजे येरमाळ्याजवळ हायवेला लागून असलेली एक मोठी शेड. तिथं आम्ही बॅटरीवरच्या प्रवासी रिक्षा जोडतो. मी मूळची भूमची, डिप्लोमा करून इथं लागले. माझ्याकडं धोक्यांची वही. गाडीत काय बिघडू शकतं ते आधीच लिहून ठेवायचं, आणि बिघडलंच तर कुणी, कसं निस्तरलं तेही लिहायचं. शेडमधली माणसं मला 'अभद्र मॅडम' म्हणायची. मी दारात दिसले की कुणीतरी हळूच बोलायचं, "आल्या बघा, आता काय मोडणार हाय ते सांगतील." मीही ऐकून घेणारी नव्हते. "तुमचं तोंड सोडून काहीही मोडू शकतं," म्हणायची.

वहीत सगळ्यात वर नोंद होती चाकाच्या नटांची. नट ढिला राहिला तर चालत्या रिक्षाचं चाक निखळतं. म्हणून ते टॉर्क पान्यानंच आवळायचे. ठरलेला जोर लागला की तो पाना कट्ट वाजतो, मग कागदावर त्या नटापुढं टिक करायची. असा पाना शेडमध्ये एकच होता.

त्या दसऱ्याला मी सकाळी लवकर गेले आणि आदल्या दिवशी गेलेल्या शेवटच्या रिक्षाचा कागद काढला. तीन चाकं, बारा नट, बाराही टिका जागच्या जागी. वेळ खंडेनवमीच्या संध्याकाळची. मान वर केली तर समोर चौरंगावर ड्रिल, हातोडे आणि मधोमध टॉर्क पाना, हळदीकुंकवानं माखलेला, वर झेंडूचं फूल. पूजा तर आदल्या सकाळीच झाली होती, आणि पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याची आरती झाल्याशिवाय आमच्याकडं कुणी हलवत नाही. मग या टिका आल्या कुठून?

मी तो कागद घेऊन मिस्त्रींना गाठलं. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, शेडमधले सगळ्यात जुने.

"काका, काल नट कशानं आवळले?"

"गिऱ्हाइकाच्याच पान्यानं," ते सहज म्हणाले. "आपली हत्यारं पूजेत हुती आन् त्याला आज मुहूर्तावर गाडी पायजे हुती. त्येचा पाना काय पूजेत नव्हता. लई वर्सं नट आवळतोय मॅडम, हाताला कळतंय."

"आणि टिका?"

"आता रकाना मोकळा कसा सोडायचा?"

ती रिक्षा येरमाळ्यातल्याच एका माणसानं घेतली होती. स्टँडवरून येडेश्वरीच्या देवळाकडं भाविक न्यायचे, असा त्याचा बेत. पहिली फेरी मात्र दसऱ्याला, बायकामुलांना घेऊन देवीला. तीनदा फोन लावला, उचलेना. मी सरळ चौरंगावरून पाना उचलला.

"अहो, आरती व्हायचीय!" मिस्त्री ओरडले.

"देवीला काय सांगायचं ते मी सांगते. तुम्ही मागं बसा."

स्कूटीवर ते मागं बसले. वाटभर मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्याच्या घरापुढं रिक्षा सजून उभी होती. झेंडूच्या माळा, चाकांना कुंकू. मागं त्याची बायको ओटीचं ताट मांडीवर घेऊन बसलेली, तिच्या दोन्ही बाजूंना नव्या फ्रॉकातल्या दोन मुली. तो चावी फिरवणारच होता.

"उतरा! सगळी खाली उतरा!" स्कूटी थांबायच्या आधीच मी ओरडले.

काय झालंय ते मी सांगितलं, तर तो भडकलाच. "ताई, डोकं ठिकाणावर हाय का? पूजा झालेल्या चाकाला आज पाना लावता? सणासुदीचा अपशकुन करता व्हय?"

"चाक निखळलं तर तो कुठला शकुन?" म्हणेपर्यंत मी पुढच्या चाकाशी बसलेसुद्धा.

पहिला नट, कट्ट. दुसरा, कट्ट. चारही पक्के. मागचं उजवं चाक, तेही पक्कं. तो हसला, गोळा झालेले शेजारीही हसले. खोटं कशाला बोलू, मला शरम वाटली. सणाच्या दिवशी लोकांच्या दारात येऊन तमाशा केला, असं वाटलं. मग डावं चाक. पहिला नट पाव फेरा फिरला. दुसऱ्याला पाना लावायची गरजच पडली नाही, तो बोटांनी फिरला.

त्याच्या बायकोनं दोन्ही पोरींना पोटाशी ओढलं. मिस्त्रींनी माझ्या हातातून पाना घेतला, त्या चाकाचे नट स्वतः आवळले, आणि त्या माणसापुढं हात जोडून उभे राहिले. "चूक माझी हाय. खोट्या टिका म्या केल्या." चारचौघांत असं बोलायला छाती लागते. मला त्यांचाही अभिमान वाटला.

तो माणूस मात्र चाकाकडंच बघत होता. "आवळलं तुम्ही, मान्य. पण आता पोरींना यात बसवायला माझं मन धजंना."

याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. मी मागच्या सीटवर जाऊन बसले, डाव्या बाजूला, त्या चाकाच्या वर. मिस्त्री शेजारी येऊन बसले. "चला," मी म्हणाले, "आम्हाला देवळापर्यंत नेऊन आणा."

जाताना चढ, येताना उतार. उतारावर मी दांडी घट्ट धरली होती. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? घरापुढं आल्यावर तो उतरला, डाव्या चाकाशी वाकला, एकेक नट बोटांनी फिरवायला बघितला. एकही हलला नाही.

मग उंबऱ्याकडं वळून त्यानं हाक मारली, "या गं पोरींनो, बसा. ताई बसून आल्यात."