अंगुस्तियासच्या बशीची किंमत

ग्रानादा शहरात दारूच्या पेल्याबरोबर खाण्याची बशी येते. ती मागायची नसते, निवडायची नसते आणि तिचे पैसे द्यायचे नसतात. पहिल्या पेल्याला काय, दुसऱ्याला काय, हे स्वयंपाकघर ठरवतं. आम्ही डोंगरातली माणसं बटाटे घेऊन खाली उतरलो की बाजारामागे अंगुस्तियासच्या दुकानात जातो आणि ती पुढे ठेवील ते खातो.

अंगुस्तियास साठीची, रुंद हाडाची. आईमागून त्या चुलीशी उभी राहिली, ती तिथलीच झाली. लग्नही केलं नाही. गल्ल्यावर तिचा धाकटा भाऊ लेआंद्रो. ती वांगी पातळ कापून तळते आणि वर काकवीची धार सोडते, ती खाताना माणूस गप्प होतो. गिऱ्हाईक दमलेलं दिसलं, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं तोंड बघून पहिल्याच पेल्याला हरभऱ्याचं कालवण पाठवते.

मग पाठीवर बोचकी घेतलेली पोरं येऊ लागली. कमी पैशांत शहरामागून शहर बघत हिंडणारी. एका पेल्यावर जेवण होतं, असं कुणीतरी कुठंतरी लिहिलं होतं. चौघांत एक पेला घ्यायचा आणि चार बशांची वाट बघायची. अंगुस्तियास तोंडाने शिव्या देई आणि हाताने वाढत राही. लेआंद्रोचं तोंड गोड. त्याने बहिणीला न विचारता ठरवलं, परक्यांना बशीचे पैसे लावायचे, इथल्यांना नाही.

मला अजून त्याची चीड येते. पेले ठेवायच्या एकाच लांब फळीवर कोपर टेकलेली दोन माणसं, एकाच कढईतलं खाणारी, आणि त्यातल्या एकालाच दाम? असं आमच्यात कुणाच्या बापाने केलं नव्हतं.

मार्चमधल्या एका दुपारी एक परदेशी मुलगी आली. पाठीवर तिच्याएवढं ओझं, टाचा सोललेल्या. तिने लहान बियर मागितली. खिडकीतून पालक घातलेले हरभरे आले. तिने बशी पावाने पुसून खाल्ली. लेआंद्रोने बशीचेही पैसे मागितले. ती लाल झाली आणि पैसे देऊन मोकळी झाली.

शेजारी म्हातारा गुमेर्सिंदो उभा होता, जन्मभर गवंडीकाम केलेला. त्याने आपल्या बशीशी नाणी ठेवली.

"हे काय, आजोबा?" लेआंद्रोने विचारलं.

"माझ्या हरभऱ्याचे. तिचे विकतचे, मग माझे काय भिकेचे?"

मीही ठेवली. फळीशी उभ्या सगळ्यांनी ठेवली. लेआंद्रो हसत हसत नाणी परत सारत होता आणि कुणी उचलेना. फुकट वाढलेल्याचे पैसे मोजणं, घरधन्याच्या तोंडावर याहून मोठी चपराक आमच्याकडे नाही.

खणखणाट ऐकून अंगुस्तियास बाहेर आली. गुमेर्सिंदोने तिला सगळं सांगितलं. तिने चूल विझवली, एप्रन सोडला आणि फळीला वळसा घालून आमच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"एक वाइन दे."

त्याने ओतली. तिने पेल्याला हात लावला नाही.

"आणि बशी?"

लेआंद्रो आत गेला. आत भांडी आपटल्याचे आवाज आले. बऱ्याच वेळाने तो कडा करपलेलं अंडं घेऊन आला.

"किती झाले?" तिने विचारलं.

"ताई, लोकांसमोर नको."

"तिच्याकडून लोकांसमोरच घेतलेस ना? आई असती तर तुला या दारात उभं केलं नसतं. किती झाले?"

"काही नाही," तो पुटपुटला. "खा."

"मला काही नाही. आणि तिला?"

त्याने फडक्याने फळी पुसली. मग म्हणाला, "कुणालाच काही नाही."

"मग तिचे परत कर. हातात दे, फळीवर टाकू नकोस."

त्याने दिले. त्या मुलीला आमची भाषा कळत नव्हती. ती घाबरून एकेकाकडे बघत होती. गुमेर्सिंदोने तिच्या खांद्यावर थोपटलं. तेव्हा कुठे आम्ही आपापली नाणी उचलली.